पुण्याहून मागवलेला पट्टा

आमच्या बैठकीतला सागवानी पलंग गेले दीड महिना भिंतीला टेकवून उभा आहे. येणारा माणूस आधी पलंगाकडे बघतो, मग त्याच्या रिकाम्या चौकटीतून पलीकडची भिंत बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. मी लगेच आत चहा सांगतो. एखादा चिवट निघालाच तर नवार धुवायला दिलीय म्हणून सांगतो. हे खोटं आहे. पण या प्रकरणात मी ज्या दर्जाचं खोटं बोललो, त्याच्या मानानं हे अगदीच किरकोळ म्हणावं लागेल.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढं लाज किती वाटली याचा अंदाज येईल. मी चाळीस वर्षं इथल्या पेपरात दर रविवारी लोकांची चेष्टा करणारं सदर लिहिलं, आणि त्यातली निम्मी चेष्टा चिक्कू माणसांची होती. लग्नात वापरलेला मांडव पुढं गोठ्यावर टाकणारे, पाहुण्यांचा बुके दुसऱ्या पाहुण्याला देणारे, अशा सगळ्यांना मी जालन्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती. त्यातले बरेच अजून हयात आहेत. त्यांना हा मजकूर आवडेल.

तर, आकांक्षा. माझी नात, वय एकोणीस, आमच्याकडे राहून कॉलेज करते. तिनं प्रस्तरारोहणाच्या वर्गात नाव घातलं. म्हणजे दोराला बांधून घेऊन खडकावर चढायचं. पाच रविवार, केदारखेड्याच्या पुढं हत्तीटोक नावाचा काळा कडा आहे तिथं. जागा वीस. आकांक्षाचा नंबर विसावा लागला. एकविसावी अंबडची ज्योत्स्ना म्हणून मुलगी, ती वेटिंगवर. वर्ग एका गिर्यारोहण क्लबचा, तो घेणारे संघपाल सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांचा नियम असा की पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता सामान तपासणार. ज्याचं सामान नापास त्याची जागा वेटिंगला.

आकांक्षाची परीक्षा चालू होती. तिनं सामानाची यादी माझ्या हातात दिली. बूट, हेल्मेट, कमरेचा पट्टा म्हणजे हार्नेस, हाताला लावायची पावडर.

"आजोबा, जमेल ना तुम्हाला? नाहीतर मी सरांना विचारते."

हे ‘जमेल ना’ मला लागलं. मी म्हणालो, "तू अभ्यास कर. सामानाचं माझ्यावर सोड."

फोनवर भाव बघितले आणि फोन उलटा करून ठेवला. नुसत्या बुटाला तीन हजार. पट्ट्याचे वेगळे, हेल्मेटचे वेगळे. म्हणजे माणूस कड्यावरून पडायच्या आधीच खाली यायचा. मी फाटकात उभा राहून कागद वाचत होतो, एवढं आमच्या कॉलनीला पुरेसं असतं. पाच मिनिटांत शेजारचे सर्जेराव आले. हे सळईच्या कारखान्यातून निवृत्त झालेत.

"हेल्मेट पायजे? माझ्याकडं हाय ना. कारखान्याचं. वरून सळई पडली तरी डोकं शाबूत. ह्ये बगा, मी जिवंत हाव."

पिवळं धमक हेल्मेट त्यांनी आणून दिलं. त्याला हनुवटीखालचा पट्टा नव्हता. सर्जेराव म्हणाले, तो बिलकुल लागत न्हाई, मान सरळ ठेवायची. आमच्या गिरिजाबाईंनी मुकाट्यानं परकराची नवी नाडी काढून त्याला ओवली. पत्नी या नात्यानं त्यांनी या सगळ्यात दिलेली तेवढीच मदत. बाकी त्या फक्त बघत होत्या, आणि त्यांचं बघणं मला सदर लिहीत होतो तेव्हापासून सहन होत नाही.

मग राधेश्यामजी. कोपऱ्यावर त्यांचं पंप आणि पाइपचं दुकान. यादीत दोर नव्हताच, पण राधेश्यामजींनी ऐकलं की पोरगी दोरावर चढणार, आणि शंभर फुटांचं निळं बंडल गल्ल्यावर आपटलं.

"अण्णासाहेब, ह्यो विहिरीतल्या मोटरीचा दोर. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर पाण्यासगट धरून राह्यला. तुमची नात किती हॉर्सपॉवरची?"

मी दोर घेतला.

पावडरीचं थोडक्यात सांगतो. फळ्यावरचा खडू आणि ही पावडर एकच, असं माझ्या मनानं घेतलं. खडूचे दोन खोके मिक्सरमधून काढले. त्यानंतर चार दिवस आमची शेंगदाण्याची चटणी राखाडी होती आणि घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

यादीच्या तळाशी ‘आरोग्य प्रमाणपत्र’ होतं. मी एका सरकारी दवाखान्यात रांगेला लागलो. दीड तासानं खिडकीपाशी पोचलो.

"कशाचं पायजे? लायसनचं, अपंगाचं का यात्रेचं?" कारकुनानं विचारलं.

"प्रस्तरारोहणाचं."

"तसला फॉर्म न्हाई. चढायचंच हाय ना? यात्रेचं घ्या. त्यात बी चढच असतो."

मी सांगत होतो की चढणारी मी नाही, नात आहे. पण रांगेत जो उभा, त्याचंच प्रमाणपत्र, असा तिथला कायदा. मला आत ढकललं, छातीला नळी लावली आणि बाहेर काढलं. हातात कागद: अण्णासाहेब, वय एकाहत्तर, उंच जागी चढण्यास योग्य. आकांक्षाला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत लिहून दिलं. माझा कागद मी घडी करून खिशात ठेवला. सरकारनं आपल्याला कशाला तरी योग्य म्हटलंय, ते फेकवत नाही.

बूट मात्र मी खरेच मागवले, त्याला पर्याय सापडला नाही म्हणून. मापाच्या रकान्यात आकांक्षानं चार सांगितलं होतं. माझा हात आपोआप सहावर गेला. यात माझा दोष कमी आणि आमच्या घराण्याचा जास्त आहे. आमच्याकडे पायाच्या मापाचा बूट कधी कुणी घेतलेला नाही. माझ्या लग्नातले बूट मी कापूस घालून वापरले, आणि ते पायात बसायला लागले तेव्हा माझा मुलगा चौथीत होता. एकोणीस वर्षांच्या मुलीचा पाय आता वाढणार नाही हे मला कळत होतं. पण तीन हजार देऊन वाढायला जागा नसलेली वस्तू घ्यायची, हे हाताला पटेना.

राहिला हार्नेस. इथूनच माझ्या लाजेला खरी सुरुवात होते.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, मच्छिंद्र म्हणून कारागीर आहे. ताडपत्र्या, ट्रॅक्टरची सीटं, ट्रकचे पट्टे शिवतो. त्याला मी फोनवर चित्र दाखवलं. त्यानं चित्र बोटांनी मोठं केलं, उलटं केलं, आणि म्हणाला, "ह्ये तर नवारीचं काम हाय. घरी पलंग हाय का?"

"आहे."

"किती वर्सं झोपून राह्यले त्याच्यावर?"

"पंचवीस तरी झाली."

"तुटली का कधी नवार?"

"नाही."

"मंग? पोरगी तुमच्यापरीस जड हाय का?"

आडवा झोपलेला माणूस आणि कड्यावर लटकलेला माणूस यांत काही फरक असेल का, हा प्रश्न त्या वेळी मोंढ्यात कुणालाच पडला नाही. मी घरी येऊन पलंग उसवायला घेतला. गिरिजाबाई दारात उभ्या राहिल्या.

"अहो, पलंगाची नवार बांधून पोरीला कड्यावर पाठवता?"

"भरवशाची आहे," मी म्हणालो.

"पलंगासाठी," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दोन दिवसांत मच्छिंद्रनं पट्टा शिवून, काळ्या रंगात बुडवून दिला. दिसायला फर्स्टक्लास. फक्त त्यावर कंपनीची चिठ्ठी नव्हती, आणि यादीत तर ‘स्वतःचा असल्यास छापील चिठ्ठी असावी’ असं लिहिलेलं. तेव्हा, मच्छिंद्रचा यात काही संबंध नाही, मीच माझ्या जुन्या स्वेटरच्या मानेची इंग्रजी चिठ्ठी उसवून नेली आणि म्हणालो, "ही इथं मार."

रविवारच्या आदल्या दिवशी आकांक्षाची परीक्षा संपली. मी सामान बैठकीत मांडलं. बूट मात्र पिशवीत घालून, उद्या तिथंच घाल असं सांगून तिच्या हाती दिले. पट्टा तिनं हातात धरला, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"भारी आहे हो! कुठून आणला?"

पलंग तेव्हा आतल्या खोलीत दडवलेला होता.

"पुण्याहून," मी म्हणालो. "एक ओळखीचा आहे."

तिनं तो लगेच कपड्यांवरूनच बांधला, आरशासमोर उभी राहिली आणि फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. खाली लिहिलं, माझ्या आजोबांनी पुण्याहून मागवला. तो फोटो मला अजून कुणीकुणी पाठवतं.

रविवारी पहाटेच निघालो. वाटेत राजूरला उतरून गणपतीला हात जोडले. नारळ दोन घेतले, एक देवापुढं फोडला आणि एक कड्याच्या मुहूर्तासाठी राखून ठेवला. मी नक्की काय मागितलं ते सांगत नाही. संघपाल सरांची नजर जरा कमी व्हावी, असं काहीसं होतं.

हत्तीटोकापाशी वीस मुलंमुली रांगेत आणि बाजूला, कडुलिंबाच्या झाडाखाली, पाठीला सॅक लावून एकविसावी. ज्योत्स्ना. कुणाचं तरी सामान नापास होईल म्हणून अंबडहून पहाटेच्या एसटीनं आलेली. तिचं सगळं नीटनेटकं, मापाचं. मी आमची पिशवी पायाआड सरकवली.

सरांनी आकांक्षाचं हेल्मेट हातात घेतलं, नाडी बघितली, खाली ठेवलं. पावडरीत बोट बुडवून फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत काहीतरी लिहिलं. माझा निळा दोर आनंदानं ठेवून घेतला. मला जरा धीर आला. तो दोर त्यांनी चार झाडांना गुंडाळला आणि म्हणाले, "पालकांनी या दोराच्या बाहेर थांबायचं." म्हणजे मीच विकत आणलेला दोर मला आत येऊ न देण्याच्या कामी आला.

मग त्यांनी पट्टा उचलला. उलटापालटा करून बघितला.

"कुठून घेतला?"

"पुण्याहून, सर," आकांक्षा म्हणाली. "आजोबांनी मागवला."

सरांनी चिठ्ठी उजेडात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठी करून वाचली. "फक्त हातानं धुवावं. पिळू नये. सावलीत वाळवावं."

रांग फुटून हसली. आकांक्षाचे कान लाल झाले. "सर, तशी चिठ्ठी असेल एखाद्या कंपनीची. माझे आजोबा खोटं बोलत नाहीत. ते पेपरात लिहायचे."

पेपरात लिहिणारा खोटं बोलत नाही, असं मानणारी जगात एकच व्यक्ती उरली होती, आणि ती माझ्याच घरातली निघाली. त्याच क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण त्यातून निघालं भलतंच.

"पाहिजे तर मी स्वतः त्यात लटकून दाखवतो."

"काका, वय काय तुमचं?"

मी खिशातून प्रमाणपत्र काढून दिलं. सरांनी ते वाचलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ठीक. जमिनीपासून फक्त दीड हात. खाली गवत आहे."

मला पट्टा बांधला, लिंबाच्या आडव्या फांदीवरून क्लबचा दोर टाकला आणि दोन पोरांनी ओढलं. मी वर गेलो. पाय सुटले. क्षणभर वाटलं, धरतंय की! मी हातसुद्धा हलवला. आणि मग कमरेच्या डाव्या बाजूला आवाज आला, टर्र. थोडा थांबला. लोकांची चेष्टा करणाऱ्या माणसाला विनोदात कुठं थांबावं हे कळतं, तसं त्या शिवणीला कळत होतं. पुन्हा टर्र. मी डावीकडे कलंडलो, हळूहळू गोल फिरलो, सगळ्या रांगेला, पालकांना, ज्योत्स्नाला आणि शेवटी आकांक्षाला तोंड दाखवून झालं, तेव्हा तिसरी टर्र आली आणि मी गवतात बसलो. लागलं काहीच नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणी हसलं नसतं.

सर शेजारी उकिडवे बसले. "काका, खरं सांगा. हे काय आहे?"

"आमच्या पलंगाची नवार."

सरांनी सॅकमधून कात्री काढली. "राग मानू नका. कामाचा नसलेला पट्टा आम्ही कापूनच टाकतो. चुकून दुसऱ्या कुणी बांधला तर?" आणि त्यांनी पंचवीस वर्षांची नवार कचाकच कापली. मग शांतपणे म्हणाले, "यादीची मागची बाजू वाचली नव्हती का? बूट सोडून काही विकत घेऊ नका, बाकी क्लब भाड्यानं देईल, बुधवारपर्यंत सांगा, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं."

सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं कागद उलटला नसेल. मान डोलावली असती तर सुटलो असतो. पण आकांक्षा माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

"वाचली होती," मी म्हणालो. "मला वाटलं भाड्यानं घेणं म्हणजे पैसे वाया. पोरीला काही माहीत नाही. पुण्याचं मीच सांगितलं. चिठ्ठी मीच लावायला सांगितली. ती माझ्या स्वेटरची आहे."

आता कुणीच हसलं नाही. हसले असते तर चाललं असतं. सरांनी वही उघडली, विसाव्या नावावर पेन्सिल ठेवली. "क्लबचे पट्टे बुधवारीच वाटून झाले. शिल्लक एकही नाही. आकांक्षा, नियम तुला माहीत आहे."

"हो सर," ती म्हणाली आणि बूट सोडायला बसली. ते सोडावे लागलेच नाहीत, पाय वर उचलला की आपोआप निघत होते. सरांनी एक बूट उचलून आत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गवताकडे पाहिलं. कड्यावरचा बूट बोटं मुडपतील इतका घट्ट लागतो, हे मला तेव्हा समजलं.

"सर," झाडाखालून ज्योत्स्ना म्हणाली. "माझं सामान आम्ही दोघी मिळून वापरलं तर? ती वर असंल तवा मी खालीच उभी ऱ्हाणार ना. बूट बी चार नंबरचेच हायेत."

"तुला तिची पूर्ण जागा मिळतेय, कळतंय ना?"

"कळतंय की. पर तिच्या आजोबांनी त्येवढी मेहनत घेतली, सर."

हे ती मनापासून म्हणाली. टोमणा असता तर मला पेलला असता.

सरांनी पेन्सिल उचलली आणि विसाव्या नावासमोर दुसरं नाव लिहिलं. "आजच्यापुरतं. नीट केलंत तर पाचही रविवार."

मला इतकं भरून आलं की काहीतरी करावंसं वाटलं. मी काहीतरी करावं असं मला वाटतं, तेव्हाच खरं तर मला आवरायला पाहिजे. सर दोघींना पट्टा बांधून दाखवत होते. मी पिशवीतला नारळ घेतला, माझ्याच निळ्या दोराखालून वाकून आत गेलो आणि कड्याच्या पायथ्याशी एक छान पुढं आलेला दगड बघून त्यावर फोडला. नव्या कामाला नारळ फोडलेला नाही, एवढं एकच राहिलं होतं. पाणी दगडावरून झकास ओघळलं. मी परत येऊन दोराबाहेर उभा राहिलो. कुणी पाहिलं नाही.

आकांक्षानं ज्योत्स्नाचा पट्टा बांधला, बूट चढवले, आणि पहिलं पाऊल बरोबर त्या दगडावर ठेवलं. पाया म्हणून तोच तर होता तिथं. दुसरं पाऊल वर, तिसरं वर. दोन पुरुष उंचीवर गेली, उजव्या पायावर भार दिला आणि बुटाचा ओला तळ खडकावरून सर्रकन निसटला.

ती पाऊण हात खाली आली, दोर ताणला, आणि ती थांबली. टर्र नाही, काही नाही. सर खाली दोर धरून उभे होते, ते जांभई द्यावी तितक्या सहज म्हणाले, "होतं असं. पाय पूस आणि पुन्हा बघ." मी मात्र त्या पाऊण हातात माझी नवार पुन्हा तीनदा ऐकली. दीड हातावरून पडलो तेव्हा मला माझ्या अब्रूचं दुःख झालं होतं. खाली गवत होतं. तिच्या खाली दगड होता. मी निळ्या दोराला दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

वर आकांक्षानं बुटाचा तळ बोटांनी पुसला. मग बोटं नाकापाशी नेली. वास घेतला. खाली त्या दगडाकडे बघितलं, तिथं करवंटीचा तुकडा पडलेला होता. मग माझ्याकडे. नवार फाटल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"आजोबा!" ती वरून ओरडली. "नारळ तरी राजूरचाच होता का? का तोही पुण्याहून?"

अख्खा हत्तीटोक हसला. सरसुद्धा.

"राजूरचा," मी म्हणालो. "गणपतीची शपथ."

ती पुन्हा कड्याकडे वळली आणि चढायला लागली. माथ्यावर पोचली तेव्हा ज्योत्स्नानं सगळ्यांत आधी टाळी वाजवली, कारण आता तिची पाळी होती.

पाचही रविवार दोघींनी एकाच सामानावर पुरे केले. पिवळं हेल्मेट सर्जेरावांनी परत नेलं, नाडीसकट. बूट गिरिजाबाईंनी कपाटावर ठेवलेत. पुढंमागं कुणाचा पाय वाढेल म्हणून नव्हे, मला दिसावेत म्हणून. कापलेल्या नवारीचा चिठ्ठीवाला तुकडा आकांक्षानं त्याच दिवशी उचलला आणि आपल्या सॅकला टाचून घेतला. घरी कुणी आलं आणि विचारलं, हे काय गं, तर ती आधी उभ्या पलंगाकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि म्हणते, "पुण्याचं आहे. ओळखीच्याकडून."

मी आत चहा सांगतो.